वीस मिलिमीटरच्या आतले

हिप्परग्याच्या तलावात, जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी,
मल्लेशी बुडी मारायचा आणि मी मोजायचे,
आधी त्याचा श्वास, मग शिंपले.

चौकट लोखंडाची, एक मीटर बाय एक मीटर,
भंगारात निघालेल्या मागाच्या पट्ट्या जोडून केलेली.
आत हाताला लागेल ते सगळं वर आणायचं,
मोठं निवडायचं नाही.
पहिली तीन वर्षं त्याला हे पटलंच नाही.
"बारकं कशाला, बाई? त्यात खायाला काय हाय?"

आई पत्र्याच्या फर्म्यावर तेंदूची पानं कापायची.
विडी आखूड निघाली की छाट,
छाटाचे पैसे नाहीत.
मला व्हर्नियर धरायला कुणी शिकवावं लागलं नाही.
दोन जबड्यांत शिंपला, बोटाला कळेल इतकाच दाब,
त्रेसष्ट पूर्णांक चार,
आणि परत त्याच पाण्यात.

हत्तुरे सरांनी एकदा भिंतीवर चित्र दाखवलं:
थंड समुद्रात उभं जंगल, माडाएवढ्या उंच शेवाळाचं,
पाठीवर हवेची टाकी बांधलेली माणसं
साळिंदरासारखे काटेरी गोळे मोजतायत,
तीस-तीस वर्षं, त्याच खडकांवर.
"आपलंही हेच," सर म्हणाले.
सोलापुरात. नळाला चार दिवसांआड पाणी येतं तिथे.
मी हसले नाही.
आमच्याकडे टाकी नव्हती, मल्लेशी होता.

वहीच्या पुठ्ठ्यावर सरांच्या अक्षरात एवढंच:
रेघ म्हणजे बघितलं नाही.
शून्य म्हणजे बघितलं, नव्हतं.

आठव्या वर्षी सरासरी वाढली. बाराव्या वर्षी आणखी.
एकसष्ट, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर.
स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, वा, शिंपले बाळसं धरायला लागले की.
मी वही त्यांच्याकडे फिरवली.
पाळणा काढून माळ्यावर टाकला
की घराचं सरासरी वय वाढतंच.

डावीकडचा पहिला रकाना, वीस मिलिमीटरच्या आतला:
एकेचाळीस. सतरा. सहा. दोन.
शून्य.
शून्य.
पुढे पानभर तेच.

शिंपल्याचं पोर माशाच्या कल्ल्याला चिकटून वाढतं,
मग सुटून चिखलात पडतं, सरांनी सांगितलं.
मल्लेशीनं विडी दगडावर विझवली.
"चिलापी आल्यापास्नं दुसरा मासा ऱ्हायलाय कुटं?
पोरांनी बसायचं कुणाच्या पाठुंगळी?"
हे मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.
सरांनी खोडलं नाही.

एक रकाना सरांना माहीत नव्हता,
अगदी उजवीकडे, पेन्सिलीनं:
मल्लेशी पाण्याखाली किती.
बहात्तर सेकंद. सत्तर. छप्पन्न.
एकोणिसाव्या वर्षी एकतीस,
आणि वर आल्यावर होडीची कड धरून
तो बराच वेळ काही बोलला नाही.

एकविसाव्या वर्षी सगळ्या रकान्यांत रेघ.
सर निवृत्त होऊन लातूरला,
मल्लेशी सिव्हिलच्या सात नंबर वॉर्डात,
मी चप्पल काढून काठावर उभी.
मला पोहता येत नाही.

यंदा शरणू आला, त्याच्या बहिणीचा नातू.
मोबाईल माझ्याकडे दिला आणि ट्रकच्या ट्यूबवरून सुटला.
पहिल्या बुडीला चिखल.
दुसऱ्या बुडीला नऊ, सगळे हातभर म्हातारे,
आणि तळहातावर मसुरीच्या डाळीएवढं काहीतरी.

बावीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्या हातातला व्हर्नियर नीट बसेना.
पदरानं चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.
पाठीला वळण होतं. गोगलगाय.

"लिवा की," शरणू म्हणाला, "कोण बघूलालंय?"

मी शून्य लिहिलं,
तोंड नीट मिटवलेलं.
मग पेन्सिल घेऊन, अगदी उजवीकडे:
चव्वेचाळीस सेकंद.